आकाशातील जाळ आणि जमिनीवरचा हिशेब

शके १९४४ च्या वर्षप्रतिपदेला, म्हणजे २ एप्रिल २०२२ रोजी, रात्री पावणेआठच्या सुमारास खानदेशापासून पूर्व विदर्भापर्यंतच्या आकाशात जे दृश्य दिसले, ते पाहणाऱ्यांच्या स्मरणातून सहजासहजी जाणारे नाही. पश्चिमेकडून पूर्वेकडे एक तेजस्वी जाळ संथपणे सरकत गेला. त्याच्या मागे लहानमोठ्या ठिणग्यांची रांग होती. दारावरच्या गुढ्या उतरवून लोक नुकतेच घरात शिरले होते, ते पुन्हा अंगणात आले. कोणी म्हणाले, उल्का पडली. कोणी म्हणाले, विमान पेटले. कोणाला क्षेपणास्त्राची शंका आली. नववर्षाच्या पहिल्याच रात्री आकाशातून अग्नी उतरावा, यात शुभ काय आणि अशुभ काय, याचीही चर्चा काही ओट्यांवर झाली.

या चर्चेला चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी अनपेक्षित उत्तर मिळाले. गावात सामुदायिक जेवणाची तयारी चालू असताना मोकळ्या जागेत सुमारे तीन मीटर व्यासाचे एक धातूचे कडे येऊन आदळले. त्याच जिल्ह्यात पुढील काही दिवसांत धातूचे गोलही सापडले. कोणालाही इजा झाली नाही. पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतल्या आणि इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन त्यांची पाहणी केली. प्रारंभी न्यूझीलंडमधून त्याच दिवशी सुटलेल्या एका अग्निबाणाकडे बोट दाखवले गेले. परंतु कक्षांचा हिशेब ठेवणारे अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी दाखवून दिले, की त्या वेळी महाराष्ट्रावरून परत येत होता तो चीनच्या ‘चांग झेंग ३ बी’ या प्रक्षेपकाचा तिसरा टप्पा. फेब्रुवारी २०२१ मध्ये एक उपग्रह वर नेऊन सोडल्यानंतर वर्षाहून अधिक काळ तो पृथ्वीभोवती निराधार फिरत होता.

लोकांनी जिला उल्का म्हटले, ती उल्का नव्हती. ती कोणीतरी वापरून टाकून दिलेली वस्तू होती. हा फरक केवळ खगोलशास्त्राचा नाही. नैसर्गिक उल्केचा कोणी मालक नसतो आणि तिचा जाब कोणाला विचारता येत नाही. टाकून दिलेल्या वस्तूला मात्र मालक असतो. म्हणूनच लाडबोरीच्या कड्याचा प्रश्न जितका शास्त्रज्ञांचा, तितकाच अर्थशास्त्राचाही ठरतो.

ओळखण्याची खूण

उल्का आणि प्रक्षेपकाचा अवशेष यांतील भेद डोळ्यांनीही ओळखता येतो. उल्का म्हणजे सूर्याभोवती स्वतंत्रपणे फिरणारा खडा. तो पृथ्वीच्या वातावरणात शिरतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर असतो. त्यामुळे बहुतेक उल्का क्षणार्धात विझतात. अगदी तेजस्वी अग्निगोलही काही सेकंदांपलीकडे टिकत नाही. पृथ्वीभोवती फिरणारी मानवनिर्मित वस्तू परत येते ती सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर वेगाने आणि फार तिरकस मार्गाने. साहजिकच तिचा जाळ संथ भासतो, मिनिटभर किंवा त्याहून अधिक काळ दिसत राहतो आणि वाटेत तिचे तुकडे होऊन ते एकामागोमाग एक चालू लागतात. पाडव्याच्या रात्रीचे दृश्य नेमके असेच होते.

जाळाची उंचीही फसवी असते. ‘पलीकडच्या डोंगरामागे पडली’ असे प्रत्येक गाव सांगते, कारण साठ-सत्तर किलोमीटर उंचीवरील ज्वाला चारशे किलोमीटरवरूनही दिसू शकते. आवाजाचेही तसेच. नाशिककरांच्या डोक्यावर मोठा धमाका झाला, की विचार प्रथम ओझरच्या विमान कारखान्याकडे जातो आणि ते स्वाभाविकच आहे. ध्वनीहून वेगवान विमान जसा गडगडाट निर्माण करते, तसाच तो खोलवर शिरलेला उल्कापिंडही करतो. मात्र प्रकाश तत्काळ पोहोचतो आणि ध्वनी मागाहून. रशियातील चेल्याबिन्स्क येथे १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सुमारे वीस मीटर व्यासाचा पिंड आकाशात फुटला, तेव्हा लखलखाट पाहून लोक खिडक्यांपाशी धावले. मग धक्क्याची लाट आली आणि फुटलेल्या काचांनी मुख्यत्वे जखमी झालेल्यांची संख्या दीड हजारांच्या घरात गेली. असा लखलखाट दिसताच खिडकीपासून दूर व्हावे, एवढी साधी गोष्ट शाळेत शिकवली तरी पुरेशी आहे.

दगडावर विश्वास बसण्यासाठी

आकाशातून दगड पडतात हे खेड्यातील माणसाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त उल्कालक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातील शुभाशुभाचा भाग बाजूला ठेवला, तरी जे आकाशातच विझते आणि जे जमिनीवर येऊन आदळते त्यांना वेगळी नावे द्यावीत, ही जाण त्यामागे दिसते. आजही मराठीत पाषाणरूपाने हाती येणाऱ्या वस्तूला ‘अशनी’ म्हणतात, ते याच परंपरेने.

युरोपातील विद्वानांना मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे पटत नव्हते. आकाशात दगड नसतात, तेव्हा ते पडणार कोठून, असा त्यांचा युक्तिवाद होता. जर्मनीच्या क्लाड्नीने १७९४ मध्ये उलट मत मांडले, तेव्हा त्याची थट्टाच अधिक झाली. पुढे १९ डिसेंबर १७९८ रोजी काशीजवळ पाषाणवर्षाव झाला. ते दगड लंडनला पोहोचले आणि एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये निरनिराळ्या देशांत पडलेल्या अशा दगडांबरोबर त्यांचे पृथक्करण केले. सर्वांत निकेलचा अंश सापडला. दूरदूर पडलेले हे दगड एकाच जातीचे निघाले. दुसऱ्याच वर्षी फ्रान्समध्ये लेगल येथे हजारो दगड पडले आणि शंकेला जागा उरली नाही. विद्वानांच्या अविश्वासावर खेडुतांच्या साक्षीने मात केली, असे या प्रकरणाचे सार सांगता येईल.

महाराष्ट्राच्या भूमीलाही या पाहुण्यांचे वावडे नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर हा तर जगप्रसिद्ध पुरावा. खानदेशात मानेगाव येथे १८४३ मध्ये पडलेला दगड आता अवघा काही ग्रॅम शिल्लक आहे. पण तो डायोजेनाइट या दुर्मिळ वर्गातील असून असे पाषाण वेस्टा या लघुग्रहावरून आले असावेत, असे मानले जाते. अलीकडचे ठळक उदाहरण नागपूर जिल्ह्यातील काटोलचे. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी तेथे गडगडाट झाला आणि अशनींचा वर्षाव झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने तुकडे गोळा केले. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल जे खनिज विपुल आहे आणि जे तेथून कधी हाती लागत नाही, त्या ब्रिजमनाइटचे स्फटिक या पाषाणात असल्याचे खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी पुढे दाखवले. शेतात पडलेल्या काळ्या दगडाने पृथ्वीच्या अंतरंगाची साक्ष द्यावी, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

तात्पर्य, नैसर्गिक उल्का ही ज्ञानाची देणगी आहे. ती फुकट येते आणि सोबत काही घेऊन येते. लाडबोरीचे कडेही फुकट आले, परंतु ते दुसऱ्याच्या खर्चातील बचत होती.

मुक्त वस्तूचा अंत

अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात मुक्त वस्तू आणि आर्थिक वस्तू असा भेद शिकवला जातो. हवा आणि सूर्यप्रकाश ही मुक्त वस्तूंची ठरलेली उदाहरणे. पृथ्वीभोवतीचे अवकाशही १९५७ मध्ये पहिला स्पुटनिक उडाला तेव्हा याच सदरात मोडत होते. परंतु जी वस्तू सर्वांची, तिची काळजी कोणाचीच नाही, हा मनुष्यस्वभाव. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक कुरणाचा दाखला देऊन हीच गोष्ट मांडली. प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडतो. लाभ त्याचा एकट्याचा, झीज मात्र सर्वांची.

अवकाशातील झीज आता मोजता येते. युरोपीय अंतराळ संस्थेच्या अंदाजानुसार दहा सेंटिमीटरहून मोठ्या ४० हजारांहून अधिक वस्तू पृथ्वीभोवती फिरत आहेत आणि एक सेंटिमीटरहून मोठ्या तुकड्यांची संख्या दहा लाखांच्या पुढे आहे. चीनने ११ जानेवारी २००७ रोजी आपलाच एक जुना उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, त्या एका घटनेने माग काढता येतील असे तीन हजारांहून अधिक तुकडे निर्माण केले. तुकड्यांच्या टकरीतून आणखी तुकडे आणि त्यांतून आणखी टकरी, अशी साखळी सुरू होऊ शकते, हा इशारा डोनाल्ड केसलर यांनी १९७८ मध्येच दिला होता.

प्रक्षेपकाचा रिकामा टप्पा नियंत्रित रीतीने निर्जन समुद्रात उतरवणे तंत्रज्ञांना अशक्य नाही. त्यासाठी इंजिन पुन्हा चालू करावे लागते आणि थोडे इंधन राखून ठेवावे लागते. तेवढे इंधन राखले, की वर नेता येणारा भार कमी होतो आणि भार कमी झाला, की उत्पन्न घटते. ही काटकसर करणारा तिचा लाभ स्वतःच्या वहीत मांडतो. धोका मात्र ज्यांच्या वहीत जातो, त्यांना उड्डाणाची तारीखही ठाऊक नसते.

नाशिककरांना हा प्रकार नवा वाटू नये. शहराचे सांडपाणी गोदावरीत जाते, तेव्हा शुद्धीकरणावरचा वाचलेला पैसा शहराचा असतो. फेस आणि पाणवेली मात्र निफाड तालुक्यातील गावांच्या आणि नांदूरमधमेश्वरच्या पाणथळीच्या वाट्याला येतात. खर्च करणारा एक आणि सोसणारा दुसरा, या स्थितीला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. आर्थर पिगू यांनी १९२० मध्येच त्यावर उपाय सुचवला होता: दुसऱ्यावर ढकललेला खर्च कराच्या रूपाने मूळ माणसाकडून वसूल करावा, म्हणजे तो आपोआप काळजी घेऊ लागतो.

आकाशाच्या बाबतीत सोसणारे कोण, याचेही उत्तर मिळाले आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की सोडून दिलेले टप्पे पडण्याचा धोका जकार्ता, ढाका, लागोस यांच्या अक्षांशांवर न्यूयॉर्क, बीजिंग, मॉस्को यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट आहे. पुढील दहा वर्षांत अशा अवशेषाने कोणी गंभीर जखमी होण्याची किंवा दगावण्याची शक्यता त्यांनी शेकडा दहाच्या आसपास धरली. हा आकडा घाबरून जाण्याइतका मोठा नाही. पण ज्यांना तो सोसायचा आहे त्यांत प्रक्षेपक सोडणारे थोडे आणि शेतमजूर अधिक आहेत, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस केनियातील मुकुकू या खेड्यात सुमारे अडीच मीटर व्यासाचे आणि पाचशे किलो वजनाचे कडे पडले. लाडबोरी आणि मुकुकू यांच्यामध्ये समुद्र आहे, पण दोन्ही गावांचे प्राक्तन एकच आहे.

करार आहे, पण कोणासाठी?

या प्रश्नावर कायदा नाही असे नव्हे. १९६७ च्या अंतराळ करारानुसार वर पाठवलेल्या वस्तूची मालकी ती कोठेही पडली तरी बदलत नाही. १९७२ चा दायित्व करार तर आणखी स्पष्ट आहे: जमिनीवर नुकसान झाल्यास प्रक्षेपण करणारे राष्ट्र संपूर्णपणे जबाबदार, मग हलगर्जीपणा सिद्ध होवो वा न होवो. भारत आणि चीन ही दोन्ही राष्ट्रे या कराराने बांधलेली आहेत.

अनुभव मात्र उत्साहवर्धक नाही. जानेवारी १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ हा सोव्हिएत उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. किरणोत्सारी तुकडे शोधण्याच्या खर्चापोटी कॅनडाने सुमारे साठ लाख डॉलरची मागणी केली. १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. ११ जुलै १९७९ रोजी अमेरिकेची स्कायलॅब कोसळली, त्याआधीचे दिवस भारतातील अनेक घरांनी धास्तीत काढले होते. ती हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात विखुरली. तेथील एस्परन्स या गावाच्या स्थानिक मंडळाने सार्वजनिक जागी कचरा टाकल्याबद्दल नासाला चारशे डॉलरचा दंड ठोठावला. तो विनोदाने आकारला होता, पण त्या विनोदात न्यायाची समज पुरेपूर होती.

कराराची खरी उणीव अशी, की तो नुकसान झाल्यावरच जागा होतो. मागणी करायची ती सरकारने, राजनैतिक मार्गाने आणि एका वर्षाच्या आत. लाडबोरीत कोणी जखमी झाले नाही, घर पडले नाही. म्हणून कागदोपत्री काहीच घडले नाही. तीन मीटरचे कडे चार हात बाजूला पडले असते तर काय झाले असते, हा प्रश्न कराराच्या भाषेत बसत नाही. लॉटरीच्या तिकिटाची किंमत बक्षीस लागले तरच मोजावी, असे म्हणण्यासारखेच हे आहे.

येथे केवळ चीनकडे बोट दाखवून भागणार नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एक मोठे नळकांडे वाहून आले. ते भारताच्या पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग असावे, असा निष्कर्ष त्या देशाच्या अंतराळ संस्थेने काढला. दुसरीकडे, ७ मार्च २०२३ रोजी ‘मेघा-ट्रॉपिक्स’ हा निवृत्त उपग्रह इस्रोने उरलेल्या इंधनावर नियंत्रितपणे प्रशांत महासागरावर उतरवला आणि २०३० पर्यंत आपल्या सर्व मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ही दिशा योग्य आहे. देशातील खाजगी कंपन्याही आता या क्षेत्रात उतरत असल्याने सरकारी संस्थेचा संयम पुरणार नाही. तो सर्वांवर बंधनकारक करणारा कायदा लागेल. २०२३ मध्ये अंतराळ धोरण जाहीर झाले, तेव्हा २०१७ च्या विधेयकाचा मसुदा कायद्यात उतरलेला नव्हता, हे विसरून चालणार नाही.

मोसम-आरमच्या काठचा धडा

सामाईक मालमत्तेची लूट अटळच आहे, हे हार्डिनचे मत शेवटचे नव्हे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते हेच दाखवून दिल्याबद्दल, की माणसे आपापसांत नियम करून सामाईक साधने पिढ्यान्पिढ्या सांभाळू शकतात. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात मोसम आणि आरम या नद्यांवर आणि धुळ्याकडे पांझरेवर काही शतके फड पद्धती चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. कोणत्या फडात कोणते पीक, हे शेतकरी एकत्र बसून ठरवत. एका फडात एकच पीक असे, त्यामुळे कोणाला चोरून अधिक पाणी घेण्याचे प्रयोजन उरत नसे. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि पाटातील गाळ काढायला सर्वांचे हात. तुटीच्या वर्षी तूटही वाटून घेतली जाई. पुढे धरणे आणि विहिरी वाढल्या, तशी ही व्यवस्था क्षीण झाली. पण तिने शिकवलेला हिशेब खोटा ठरला नाही.

आकाशाला आज नेमका असाच पाटकरी आणि असाच जागल्या हवा आहे. कोणती वस्तू कोठे आहे, याची नोंद सर्व राष्ट्रांना खुली असणे हे जागल्याचे काम. कोणी किती काळ कोणती कक्षा वापरावी आणि काम संपल्यावर ती कशी मोकळी करावी, हे ठरवणे पाटकऱ्याचे. आणि गाळ काढण्याचा खर्च सर्व वापरणाऱ्यांनी वापराच्या प्रमाणात उचलणे, हा फडाचा मूळ नियम. कक्षेच्या वापरावर शुल्क आकारले तर अंतराळ उद्योगाचेच दीर्घकालीन मूल्य चौपटीहून अधिक वाढेल, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०२० मध्ये गणिताने मांडले. सोड्याच्या बाटलीची अनामत ही कल्पना वाण्याच्या दुकानात लहान मुलालाही कळत असे: बाटली परत आणा, पैसे घेऊन जा. प्रक्षेपणाच्या वेळीच अनामत भरून घ्यावी आणि टप्पा सुरक्षित उतरल्यावर ती परत करावी, यात समजायला अवघड असे काही नाही.

तोवर नागरिकांनी करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. आकाशातून पडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावू नये, कारण त्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलीस व महसूल खात्यास कळवावे. काळा, जळकट दगड सापडला तर तो फोडू नये. तो भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाकडे पोहोचवावा. आणि जाळ दिसला, तर अफवा पुढे धाडण्याऐवजी वेळ, दिशा आणि तो किती सेकंद टिकला एवढे टिपून ठेवावे. काशीच्या आणि काटोलच्या साक्षीदारांनी शास्त्रासाठी एवढेच केले होते.

ऑगस्टमधील ययातीचा उल्कावर्षाव नाशिकला बहुधा ढगांनी झाकलेला असतो. पण १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून येणाऱ्या उल्का शहराच्या दिव्यांपासून दूर, त्र्यंबक-पेठच्या डोंगरांत चांगल्या दिसतात. शाळा-महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना तेथे अवश्य न्यावे. आकाशातील एखादी रेघ पाहून ‘तारा तुटला’ असे म्हणण्याचा आनंद पुढच्या पिढीलाही मिळायला हवा. ती रेघ निसर्गाची की कोणाच्या कचऱ्याची, असा संशय तिच्या मनात येऊ नये, एवढी व्यवस्था करणे ही आजच्या पिढीची जबाबदारी आहे.